कृपेच्या दारावर पहारेकरी कशाला?

निफाड तालुक्यातील एका शेतकरी कुटुंबातील वृद्ध मातेचा दशक्रिया विधी नांदूर मध्यमेश्वर येथे गोदाकाठी होता. प्रस्तुत लेखकाचे त्या घराशी दोन पिढ्यांचे संबंध असल्याने उपस्थित राहणे क्रमप्राप्तच होते. माउलीचे वय पंच्याऐंशीच्या पुढे होते. 1972च्या दुष्काळात खडी फोडण्याच्या कामावर आलेल्या परगावच्या बायकांना तिने आपल्या घरच्या अर्ध्या भाकरीत वाटेकरी करून घेतले होते. शेजारच्या घरातील आईविना पोर झालेली मुलगी तिने आपल्या मुलींबरोबर वाढवून, लग्न करून सासरी पाठविली होती. त्या दिवशी सर्वांत मोठ्याने रडत होती ती हीच मुलगी. आज तीही आजी झाली आहे.

विधी आटोपल्यावर मंडळी झाडाखाली बसली असता विषय निघाला तो म्हातारीच्या पुण्याईचा. तेव्हा तिचा एक पुतण्या, जो काही वर्षांपासून एका प्रार्थनासभेत जाऊ लागला आहे, हळू आवाजात म्हणाला, "काकूंचे मला फार वाईट वाटते. त्यांनी चांगले खूप केले, पण चांगल्या कर्मांनी तारण होत नाही. तारण कृपेने होते, आणि त्या नावावर विश्वास ठेवणाऱ्यालाच ते मिळते. मी त्यांना किती वेळा सांगितले होते."

बोलताना त्याच्या डोळ्यांत पाणी होते, हे मुद्दाम नोंदविले पाहिजे. तो कोणाला दुखविण्यासाठी बोलत नव्हता. काकूवर त्याची माया होती आणि म्हणूनच तो व्याकूळ झाला होता. पण मंडळी गप्प झाली. परतताना मृत मातेचा नातू, महाविद्यालयात शिकणारा आणि शाखेत नियमाने येणारा मुलगा, मला म्हणाला, "काका, मला त्याचा राग आला, पण उत्तर देता आले नाही. आजीचे सगळे आयुष्य शून्य होते का?"

या प्रश्नाला राग हे उत्तर नव्हे. आपल्यापैकी पुष्कळांचे तेवढ्यावरच भागते, ही आपली उणीव आहे. समोरच्याचा सिद्धान्त नीट समजून घेऊन मगच त्याला उत्तर दिले पाहिजे. तसा हा प्रयत्न आहे.

सिद्धान्त काय आहे?

ख्रिस्ती मताप्रमाणे मनुष्य जन्मतःच आदिपापाने ग्रस्त आहे. स्वतःच्या बळावर तो ईश्वरापुढे निर्दोष ठरू शकत नाही. येशूने क्रूसावर केलेल्या बलिदानाने त्या पापाचे प्रायश्चित्त झाले. त्याचे फळ ईश्वर कृपेने, म्हणजे लायकी न पाहता, देतो आणि मनुष्य ते विश्वासाने स्वीकारतो. सत्कर्मे ही या तारणाची किंमत नसून त्याची फळे आहेत. पौलाने रोमकरांस व इफिसकरांस लिहिलेल्या पत्रांत हा विचार मांडलेला आहे. त्यामागील हेतूही समजून घेण्याजोगा आहे. मनुष्याने आपल्या पुण्याचा गर्व करू नये, देवाशी व्यापार करू नये, हा तो हेतू होय. यात आपल्याला परके वाटावे असे काही नाही. आपल्या संतांनी कर्मठांच्या अहंकारावर याहून कमी प्रहार केलेले नाहीत.

तथापि त्याच बायबलात याकोबाचे पत्रही आहे, आणि त्यात कर्माविना विश्वास निर्जीव असल्याचे स्पष्ट प्रतिपादन आहे. मार्टिन ल्यूथरला हे पत्र इतके अडचणीचे वाटले की 1522 साली त्याने त्याची गणना गवताच्या तोलाची केली. रोमकरांस पत्राचे जर्मन भाषांतर करताना 'विश्वासाने' या शब्दापाशी 'केवळ' हा शब्द त्याने स्वतः घातला, आणि त्यावर टीका झाली तेव्हा त्याचे समर्थनही केले.

आणखी एक गोष्ट. मत्तयच्या शुभवर्तमानात अंतिम न्यायाचे जे चित्र येशूने रंगविले आहे, त्यात न्यायाधीश कोणालाही त्याचा पंथ विचारीत नाही. भुकेल्याला अन्न दिलेस का, परक्याला आसरा दिलास का, उघड्याला वस्त्र दिलेस का, एवढेच विचारतो. वाटेवर जखमी होऊन पडलेल्या माणसाला उचलणारा जो शेजारी येशूने आदर्श म्हणून सांगितला, तो शोमरोनी होता. ऐकणाऱ्यांच्या दृष्टीने परधर्मीच होता. वृक्ष फळावरून ओळखावा, हीही त्याचीच शिकवण. ही कसोटी लावली तर दुष्काळात अर्धी भाकरी वाटणारी निफाडची माउली कोणत्या बाजूला उभी राहील, हे सांगायला धर्मपंडित लागत नाही.

सोळाशे वर्षांचा न मिटलेला वाद

जो सिद्धान्त त्या पुतण्याला निर्विवाद म्हणून शिकविला गेला, त्यावर खुद्द चर्चमध्ये सोळाशे वर्षे वाद चालू आहे, हे त्याला कोणी सांगितले नाही. पाचव्या शतकाच्या आरंभी पेलागियस नावाच्या साधूने मनुष्य आपल्या इच्छाशक्तीने सन्मार्गावर चालू शकतो असे प्रतिपादन केले. त्याला विरोध करणाऱ्या ऑगस्टीनचे मत सरस ठरले आणि 418 साली कार्थेजच्या परिषदेने पेलागियसच्या मताचा निषेध केला. ऑगस्टीनचा तर्क पुढे इथवर गेला की बाप्तिस्म्यावाचून दगावलेली तान्ही बाळेसुद्धा शिक्षेस पात्र ठरली. शिक्षा सौम्य, एवढीच काय ती सवलत. अशा बालकांच्या तारणाची आशा बाळगण्यास आधार आहे, असे व्हॅटिकनच्या धर्मतत्त्वविषयक आयोगाने सांगितले ते 2007 साली. मधल्या काळात किती माता आपल्या बाळाच्या चिंतेने झुरल्या असतील, याचा हिशेब कोण देणार?

1517 साली ल्यूथरने क्षमापत्रांच्या विक्रीविरुद्ध आवाज उठविला आणि पश्चिम युरोपातील चर्च दुभंगले. केवळ विश्वासाने मनुष्य नीतिमान ठरतो, असे तो म्हणे. उलट, ट्रेंट येथील परिषदेने 1547 साली या 'केवळ' शब्दाचा निषेध केला आणि कृपेशी मनुष्याने केलेले सहकार्यही आवश्यक मानले. कॅल्व्हिनच्या अनुयायांनी 1618-19 साली डॉर्ट येथे ठरविले की कोण तरणार हे ईश्वराने आधीच निवडून ठेवले आहे. या वादांच्या पाठोपाठ युरोपात जी युद्धे झाली, त्यांत राजकारण होते हे खरे. पण दोन्ही बाजूंचे सैनिक एकाच क्रूसाखाली मरत होते, हेही खरे.

अखेर 31 ऑक्टोबर 1999 रोजी जर्मनीतील ऑग्सबर्ग येथे कॅथलिक चर्च आणि ल्यूथरन महासंघ यांनी संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. तारण कृपेने होते, आपल्या गुणांमुळे नव्हे, आणि सत्कर्मे ही त्याची फळे होत, एवढ्यावर मतैक्य झाले. परस्परांवरील जुने निषेध आता लागू नाहीत असे ठरले. समेट झाला याचा आनंदच आहे. परंतु त्यानंतर आठवडा उलटण्यापूर्वी, 6 नोव्हेंबर रोजी, पोप जॉन पॉल दुसरे दिल्लीत होते आणि तिसऱ्या सहस्रकात आशिया खंडात श्रद्धेचे मोठे पीक कापले जाईल अशी आकांक्षा तेथून जाहीर करीत होते. आपल्या घरातील पाचशे वर्षांचा वाद ज्यांनी आदल्या रविवारी जेमतेम आवरता घेतला, त्यांनी दुसऱ्याच्या शेतावर विळा घेऊन येण्याची इतकी घाई का करावी?

बाहेरच्या माणसाचे काय, या प्रश्नावरही चर्चचे उत्तर एक नाही. 1442 साली फ्लॉरेन्सच्या परिषदेने घोषित केले होते की चर्चबाहेरच्या कोणाचेही, त्याने कितीही दानधर्म केला तरी, तारण होणार नाही. 1964 साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने सांगितले की स्वतःचा दोष नसताना ज्यांना शुभवर्तमान कळले नाही, पण जे विवेकाला अनुसरून वागतात, त्यांनाही तारण मिळू शकते. पुढे 2000 साली 'डॉमिनस येझुस' या घोषणेत पुन्हा सांगण्यात आले की इतर धर्मीयांना कृपा मिळू शकते खरी, परंतु त्यांची स्थिती गंभीर उणिवेची आहे. मग आमच्या म्हातारीचा निवाडा कोणत्या सालच्या कागदाने करायचा?

निफाडचे न्यायमूर्ती आणि पंडिता रमाबाई

हा वाद केवळ रोम आणि जर्मनीचा नाही. महाराष्ट्राच्या अंगणात तो होऊन गेला आहे आणि त्यात एक नाव निफाडचे आहे. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचा जन्म 18 जानेवारी 1842 रोजी निफाड येथे झाला. प्रार्थना समाजाच्या धुरीणांपैकी ते एक होते. ईश्वर एक आहे, तो प्रेमाने भजण्याजोगा आहे, पण तो कोणा एका व्यक्तीच्या रूपाने अवतरत नाही आणि कोणा एका ग्रंथात बंदिस्त नाही, ही त्या समाजाची भूमिका. त्यांच्या काही मतांशी आपले मतभेद असतील. तथापि देवाची दया मागायला मध्यस्थाची सही लागत नाही, हा त्यांचा आग्रह येथे महत्त्वाचा आहे.

1882 साली पंडिता रमाबाई पुण्यात आल्या, तेव्हा त्यांच्या पाठीशी उभ्या राहिलेल्यांत रानडे पतिपत्नी होती. पुढील वर्षी रमाबाई इंग्लंडला गेल्या आणि 29 सप्टेंबर 1883 रोजी वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. 1889 साली त्यांनी शारदा सदन काढले, त्याच्या सल्लागार मंडळात रानडे आणि भांडारकर होते. 1893 साली, सदनातील हिंदू मुलींना ख्रिस्ती धर्माकडे वळविले जात असल्याच्या वादातून, दोघेही त्या मंडळातून बाहेर पडले.

रमाबाईंच्या विद्वत्तेबद्दल आणि सेवेबद्दल आदर बाळगूनच पुढील प्रश्न विचारावयाचा आहे. वाँटेजच्या भगिनींच्या मते बाप्तिस्मा, चर्च आणि त्याचे संस्कार हा तारणाचा मार्ग होता. रमाबाईंचे त्यांच्याशी सिद्धान्तांवरून तीव्र मतभेद झाले. आपली सदसद्विवेकबुद्धी कोणाच्या हाती देण्यास त्या तयार नव्हत्या. आणि बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी, विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मकथन वाचून, त्यांच्या ध्यानात आले की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला आहे, पण ख्रिस्त मिळालेला नाही. तारण संस्कारांनी नव्हे, विश्वासाने होते. हे त्यांनी स्वतःच सांगितले आहे.

मग मधल्या आठ वर्षांत रमाबाईंचे तारण झाले होते की नव्हते? वाँटेजच्या मते झाले होते. रमाबाईंच्या नंतरच्या मताने झाले नव्हते. संस्कृत, इंग्रजी जाणणाऱ्या, पुढे संपूर्ण बायबल मराठीत आणणाऱ्या विदुषीला जो प्रश्न आठ वर्षांनी उलगडला, तो शेताच्या बांधावर एका पत्रकाने उलगडतो असे समजावे काय?

याहून कठीण प्रश्न पुढे आहे. रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे. लोकनिंदा सोसून त्यांनी आपल्या पत्नीला संस्कृत शिकविले. त्याच मातेने रमाबाईंना घडविले. 1874च्या दुष्काळात तीर्थयात्रा करीत असताना अन्नान्न दशेत अनंतशास्त्री गेले. त्यांनी बाप्तिस्मा घेतला नाही आणि ते नावही उच्चारले नाही. ज्या पित्याने कन्येच्या हाती विद्या दिली, तो कायमचा बाहेर आणि त्या विद्येच्या बळावर वाचन करणारी कन्या आत, अशी वाटणी ज्या कृपेने केली, तिला कृपा म्हणायचे काय?

पेच

आता मूळ युक्तिवादाकडे वळू. तारण जर सत्कर्मांनी होत असेल, तर सत्कर्मे सर्व धर्मांत आहेत. त्यासाठी धर्म बदलण्याचे कारण नाही. तारण जर निखळ कृपेने होत असेल, लायकी न पाहता होत असेल, तर जी कृपा पाप्याचे पाप पाहत नाही, ती त्याचा जन्मदाखला का पाहते? मग धर्म बदलण्याचे कारण मुळीच उरत नाही.

यावर उत्तर येते, "कृपा सर्वांसाठी आहे, फक्त ती विश्वासाने स्वीकारली पाहिजे." म्हणजे विश्वास ही अट झाली. अट पुरी करणे हे कर्मच होय. दया, दान, सेवा ही सर्व कर्मे बाद करून एकच कर्म शिल्लक ठेवले, ते म्हणजे एका विशिष्ट नावाचा स्वीकार. आणि हे कर्म असे की ते करता येणे बहुतांशी कोठे जन्म झाला यावर अवलंबून! विचारवंत ख्रिस्ती म्हणतील, "विश्वास हे कर्म नव्हे; तो केवळ पुढे केलेला रिकामा हात आहे." उपमा सुंदर आहे. पण रिकामा हात तर म्हातारीनेही रोज संध्याकाळी तुळशीपुढे जोडला होता. त्या हातात दान टाकण्यापूर्वी देव नाव विचारतो काय? आणि विश्वास हीसुद्धा ईश्वराचीच देणगी आहे असे म्हटले, तर ती निफाडमध्ये कमी आणि वाँटेजमध्ये जास्त का वाटली गेली, याचा जाब मनुष्याला विचारता येत नाही.

यातून आणखी एक धोका निर्माण होतो. 1893 साली प्रिटोरियात एका ख्रिस्ती गृहस्थाने गांधीजींना सांगितले की पाप टाळता येणे अशक्य आहे, ते येशूवर सोपवून निश्चिंत व्हावे. गांधीजींचे उत्तर त्यांच्या आत्मकथेत आहे. पापाच्या परिणामांतून सुटका आपल्याला नको, पापवृत्तीतूनच सुटका हवी, असा त्याचा आशय. सर्वच ख्रिस्ती असे मानीत नाहीत, हेही गांधीजींनी नमूद केले आहे आणि आपणही विसरू नये.

कृपा आम्हाला परकी नाही

काही मंडळी घाईने म्हणतात की हिंदू धर्म कर्माचा आणि ख्रिस्ती धर्म कृपेचा. वस्तुतः हे खरे नाही. श्रीवैष्णवांत यावर शतकानुशतके ऊहापोह झाला. पिल्लू जसे आईला बिलगून राहते तसा जीवाने स्वतः प्रयत्न करावा, हा वडगलैंचा मर्कटन्याय. मांजर जसे पिलाला तोंडात धरून नेते तसा देव नेतो, जीवाने काहीच करायचे नाही, हा तेंगलैंचा मार्जारन्याय. देवळांतील मानपानावरून हे दोन पंथ कोर्टातही गेले! पण बाहेरच्या भक्ताला कायमच्या अग्नीत ढकलण्यापर्यंत त्यांचा वाद गेला नाही. मध्वाचार्यांच्या मतात काही जीवांना नित्य अधोगती सांगितली आहे, पण हिंदू समाजाने ते मत सर्वमान्य केले नाही. गीतेचा सहावा अध्याय तर आश्वासन देतो की कल्याणाचे काम करणाऱ्या कोणाचीही दुर्गती होत नाही.

विसाव्या शतकातील थोर प्रोटेस्टंट विचारवंत कार्ल बार्थ यांनी जपानमधील अमिताभ बुद्धाच्या कृपेवर विसंबणाऱ्या पंथाचा विचार करताना प्रांजळपणे मान्य केले की तेथेही केवळ कृपेचा आणि श्रद्धेचाच सिद्धान्त आहे. मग फरक कोणता? त्यांच्या मते निर्णायक फरक एकच, येशू ख्रिस्ताचे नाव. म्हणजे तत्त्व तेच, भाव तोच. दारावरची पाटी तेवढी वेगळी. आमचा आक्षेप कृपेला नाही. कृपेच्या दारावर उभ्या केलेल्या पहारेकऱ्याला आहे.

हे ख्रिस्ती साधकांनाही जाणवले आहे. नाशिकजवळच्या जलालपूरचे जावई रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला. पण 1917 साली मिशनची चाकरी सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' काढला, तेव्हा बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोघांनाही त्यात जागा दिली. आपल्या मातीतल्या मनाला ती पाटी अखेर अपुरी वाटली, असाच याचा अर्थ आम्ही घेतो.

आमच्या दारावरील पहारेकरी

येथे थांबलो तर लेख खोटा होईल. दुसऱ्याच्या पहारेकऱ्याकडे बोट दाखविताना आपल्या दाराकडे पाहिले पाहिजे. 1890 साली पुण्यातील पंचहौद मिशनमध्ये चहापानाला हजर राहिल्याबद्दल रानड्यांसारख्या पुरुषाला 1892 साली प्रायश्चित्त घ्यावे लागले. एका पेल्याने धर्म बुडतो आणि विधीने तो परत येतो, हा कोणता कर्मसिद्धान्त? 2 मार्च 1930 रोजी नाशिकच्या काळाराम मंदिराच्या दारात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला. ते दार पाच वर्षे उघडले नाही. 13 ऑक्टोबर 1935 रोजी निफाडच्या शेजारच्या येवल्यात बाबासाहेबांनी हिंदू धर्म सोडण्याची घोषणा केली. ती आपल्या पूर्वजांच्या करणीची पावती होती. अनेक धर्मांची निमंत्रणे असताना 1956 साली त्यांनी बुद्धाचा मार्ग निवडला. बुद्ध हा मार्गदाता आहे, मोक्षदाता नव्हे, असे त्यांनी आग्रहाने मांडले. स्वतःच्या शीलाने माणूस उभा राहतो, हा तो विचार होता. कृपेच्या नावाने चालणाऱ्या मक्तेदारीला यापेक्षा स्पष्ट उत्तर नाही, आणि जन्माच्या नावाने चालणाऱ्या आमच्या मक्तेदारीलाही नाही.

त्या पुतण्याकडेही आता नीट पाहावे. तो प्रार्थनासभेत प्रथम गेला तो सिद्धान्त पटला म्हणून नव्हे. मुलगा आजारी असताना त्याच्या घरी कोणी रात्रभर येऊन बसले, ते तेथले लोक होते. आपल्यापैकी कोणी गेले नव्हते. हे मला त्याच्याच आईने सांगितले.

म्हणून कार्यकर्त्यांना एवढेच सांगणे आहे. त्या घराशी बोलणे तोडू नका. पुतण्याशी भांडू नका. त्याला प्रेमाने मत्तयचा तो न्यायाचा प्रसंग काढून दाखवा आणि विचारा, तुझी काकू यात कोठे बसते? उत्तर त्याचे त्याला शोधू द्या. आणि वस्तीत पुन्हा कोणाचे पोर आजारी पडेल तेव्हा रात्री जाऊन बसणारा आपल्यातला असला पाहिजे.

नातवाला मी सांगितले ते असे : "बाळ, तुझ्या आजीने पुण्य जमवायचे म्हणून भाकरी वाटली नव्हती, समोरच्या बाईला भूक लागली होती म्हणून वाटली. तिने कधी हिशेब ठेवला नाही. जो देव तिच्या या करणीला शून्य म्हणेल, तो तिच्याहून लहान ठरेल. आणि देव माणसाहून लहान असू शकत नाही, एवढे तर दोन्ही धर्म मानतात."